वाक्यात उपयोग करा

साखर पेठेत, पत्र्याच्या खोलीत,
पलीकडे मागांचा खडखडाट चालू असताना
मौनिका कुडक्यालनं मान वर न काढता विचारलं,
'सर, बीचकोंबर म्हंजे?'

आधी उच्चार दुरुस्त केला. बीचकोमर.
दुसरा ब मुका. असतो, पण बोलत नाही.
मग कोशातले अर्थ, क्रमानं.
एक : समुद्रातून लांबच लांब लोळत येणारी लाट.
'एप्रिलमध्ये येते ती?'
नाही. ती उष्णतेची.
दोन : जहाज निघून गेल्यावर परक्या बेटावर उरलेला,
मिळेल त्यावर दिवस काढणारा खलाशी.
(यात जरा तुच्छता असते, हेही सांगितलं.)
तीन : वाळू धुंडाळून शंख, लाकडं, बाटल्या वेचणारा.
हल्ली हौशी लोकांनाही म्हणतात.

तिला पटेना. मग शब्द फोडून दाखवला :
बीच म्हणजे काठ, कोम म्हणजे फणी.
ती हसली. 'हे तर आमच्या पप्पांचंच काम की, सर.
फणीत धागे भरायचे, काठ आणायचा.'
मला केसांची फणी म्हणायची होती.
पण इथं फणी आधी मागाची,
आणि काठ टॉवेलचा नाहीतर लुगड्याचा.
माझ्या कोशात हे कुठंच नाही.

जानेवारीत गड्डा उठला.
पाळणे उतरले, मौत का कुआँच्या फळ्या ट्रकात चढल्या,
होम मैदानावर उरली पायांनी दळलेली माती.
सकाळी साडेसहाला दूध आणायला निघालो
तर राजेशम कुडक्याल, कानाला मफलर,
मैदान विंचरत होता.
बांबूच्या टोकाला तारेनं बांधलेली
मागावरून बाद झालेली फणी, मधले दात गेलेले.
ओढायचा. थांबायचा. वाकायचा.
पिशवीत एक घुंगरू, स्कूटरची किल्ली,
दोन रुपयांची सात नाणी
आणि तान्ह्या बाळाचा बूट, एकच.
बूट त्यानं कुंपणाच्या खांबावर अडकवला.
'न्यायला येतील,' म्हणाला.
माग आठवड्यातून तीनच दिवस चालतो
हे तो म्हणाला नाही.
मौनिकाच्या फीच्या पाकिटात
सुटे पैसे का जास्त असतात, ते मला तेव्हा कळलं.

मी देवगडचा.
अठ्ठ्याण्णव साली दोन वर्षांसाठी आलो.
शाळा बंद पडली, मी राहिलो.
बोलण्यात आधी 'की' आला, मग 'बे'.
गावी गेलो तर भाऊ म्हणतो, तू आता घाटावरचो झालंस.
दुसरा अर्थ शिकवताना
मी फळा पुसायला का वळलो,
पुसण्यासारखं काही नसताना,
ते कुणी विचारलं नाही.

चाचणीत प्रश्न घातला : वाक्यात उपयोग करा.
बाकी सगळ्यांनी खलाशी लिहिला, माझाच, शब्द न शब्द.
मौनिकानं इंग्रजीत जे लिहिलं ते मराठीत असं होतं :
'गड्डा संपल्यावर चार दिवस माझे वडील बीचकोमर असतात.
नंतर ते परत विणकर होतात, जर सूत आलं तर.'
एक 'ए' राहिला होता. अर्धा गुण कापला.
पेपर वाटण्याआधी परत दिला.

फेब्रुवारीच्या फीसोबत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी आलं.
गड्ड्यात विकतात तसला शंख, कडेला टवका उडालेला,
वर लाल रंगात कुणाचं तरी नाव : अंबुबाई.
'पप्पा म्हणले, तुमच्या गावाकडचं दिसतंय.'

असले शंख आमच्याकडे होत नाहीत.
पार खाली, तमिळनाडूतून येत असतील.
मी बोललो नाही.

ती गेल्यावर कानाला लावला.
आत खडखडत होतं.
पलीकडचे माग. आज चालू होते.